वॉल्ट्झमधले ‘दोन-तीन’ कुणाचे?

गाण्याविषयी मराठीत लिहिताना आपण तीन प्रश्न विचारतो. शब्द कुणाचे, चाल कुणाची आणि गळा कुणाचा. ही उत्तरे मिळाली की लेख पुरा होतो. कोणते वाद्य कधी बोलेल, कधी गप्प राहील, सुराखाली कोणता सूर असेल हे कुणी ठरवले, हा चौथा प्रश्न आपण विचारत नाही. याला कारणही आहे. ख्यालाच्या मैफलीत हा प्रश्न उद्‌भवत नाही. गवई गातो, हार्मोनियम किंवा सारंगी त्याच्या मागून येते, तबला ठेका धरतो. कोण काय करणार हे परंपरेनेच ठरलेले असते. परंतु गेली सत्तर-ऐंशी वर्षे आपल्या कानांवर दुसरेही संगीत पडत आले आहे, आणि त्यातले बरेचसे वीस-तीस-पन्नास वादकांसाठी आधी कागदावर लिहिलेले असते. त्याच्याविषयी लिहितानाही आपण चालीपाशीच थांबतो.

या लेखासाठी मी वॉल्ट्झ निवडला, कारण चौथा प्रश्न टाळला तर वॉल्ट्झविषयी बोलण्यासारखे फारसे उरतच नाही. सोपी, गोड, लवकर पाठ होणारी चाल एवढेच त्याचे वर्णन होते. वॉल्ट्झ हलके-फुलके संगीत आहे हा समज त्यातूनच आला असावा. मी संगीत कुठल्याही संस्थेत शिकलेले नाही. स्टाफ नोटेशन वाचायला विशीच्या अखेरीस शिकले, आणि त्यानंतरचे शिक्षण म्हणजे छापील स्कोअर समोर ठेवून तबकड्या, कॅसेटी व पुढे सीडी ऐकणे. त्या ऐकण्यातून माझे जे मत बनले ते असे: वॉल्ट्झमध्ये वाद्यांची वाटणी हीच रचना आहे. चाल हा तिचा एक भाग, आणि पुष्कळदा तो सर्वांत महत्त्वाचा भाग नसतो.

तीन मात्रा म्हटल्या की आपल्याला दादरा आठवतो. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन विभाग, पहिल्या मात्रेवर सम आणि चौथीवर खाली. वॉल्ट्झमध्ये तीन मात्रांचा एक बार असतो, पण नीट ऐकले तर बार जोडीने चालतात. खर्जातला सूर एका बारमध्ये ‘सा’ असतो, पुढच्यात बहुधा ‘प’. त्यामुळे पहिला बार भारदस्त आणि दुसरा किंचित हलका वाटतो. टाळी आणि खालीची ही दूरची बहीण म्हणावी लागेल. साम्य मात्र इथेच संपते. दादऱ्याचा ठेका एका माणसाच्या दोन हातांत असतो. डग्गा आणि तबला यांमधले अंतर फार तर हातभर. वॉल्ट्झचा ठेका मात्र कापून वाटलेला असतो. ‘एक’ डबल बासकडे, जोडीला बहुधा चेलो. ‘दोन-तीन’ दुसऱ्या व्हायोलिनवाल्यांकडे आणि व्हायोलांकडे, अनेकदा हॉर्नकडे. डबल बासवाला बारमध्ये एकच सूर वाजवून दोन मात्रा गप्प बसतो. दुसरी व्हायोलिने प्रत्येक ‘एक’ला गप्प असतात. अख्खा ठेका कुणीच वाजवत नाही, तो फक्त सभागृहाच्या हवेत तयार होतो.

यातली खरी गंमत व्हिएन्नातली. तिथले वादक दुसरी मात्रा तिच्या ठरल्या जागेच्या किंचित आधी वाजवतात, आणि त्यामुळे तिसरीच्या आधी जरासा श्वास मिळतो. हे कागदावर कुठेच लिहिलेले नसते. लिहिलेल्या असतात तीन सारख्या मात्रा. आपल्याकडचा तबलजी ठेका झुलवतो तेव्हा त्याला फक्त स्वतःशी जमवून घ्यायचे असते. इथे वीसेक माणसांना एकाच क्षणी, सारखेच ‘लवकर’ यायचे असते, आणि ‘एक’ वाजवणाऱ्यांनी त्यांच्या मागे न धावता आपली जागा धरून ठेवायची असते. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता १९५४ मध्ये व्हिएन्नाला शिकायला गेले, आणि तिथे त्यांनी वाद्य घेतले ते डबल बास. पुढे व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या नववर्षाच्या वॉल्ट्झ-मैफलीचे संचालन त्यांनी पाच वेळा केले. या संगीताकडे ते ‘एक’च्या बाकावरून गेले, ही गोष्ट मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आली आहे.

आता प्रत्यक्ष रचनांकडे. सुरुवात वेबरपासून करायला हवी. कार्ल मारिया फोन वेबरने १८१९ मध्ये पियानोसाठी ‘नृत्याचे आमंत्रण’ लिहिले आणि पत्नीला अर्पण केले. नाचण्यासाठी नसलेला, बसून ऐकण्याचा वॉल्ट्झ इथून सुरू झाला असे मानतात. तुकडा पियानोचा असला तरी त्यात पात्रे आहेत. डावा हात खालच्या सप्तकात एक आर्जवी वाक्य बोलतो: हा तरुण, नाचायला चल म्हणणारा. उजवा हात वरच्या सप्तकात आढेवेढे घेत उत्तर देतो: ही तरुणी. थोडे संभाषण होते आणि मग नाच सुरू होतो.

बावीस वर्षांनी, १८४१ मध्ये, पॅरिसच्या ऑपेराने वेबरचा ‘डेर फ्रायशुट्झ’ रंगमंचावर आणायचे ठरवले. तिथल्या नियमानुसार ऑपेरात बॅले हवाच. हे काम एक्तोर बर्लिओझकडे आले. वेबरवर त्याची भक्ती असल्याने स्वतःचे संगीत घुसडण्याऐवजी त्याने वेबरचाच हा पियानो-तुकडा वाद्यवृंदासाठी लिहिला. तरुणाचे वाक्य त्याने एकट्या चेलोला दिले आणि तरुणीचे उत्तर लाकडी सुषिर वाद्यांना. आज हे अगदी उघड वाटते. त्याने केलेला मोठा बदल मात्र वेगळाच आहे. वेबरचा तुकडा डी फ्लॅटमध्ये होता, बर्लिओझने तो अर्धा स्वर चढवून डीमध्ये आणला.

अर्ध्या स्वराने काय बिघडते, असे आपण म्हणू. आपल्याकडे गवई आपल्या गळ्याप्रमाणे षड्ज धरतो, काळी एक की पांढरी दोन याने राग बदलत नाही. पण व्हायोलिनच्या चार तारा जी, डी, ए, ई अशा लावलेल्या असतात. डी मेजरमध्ये या चारही मोकळ्या तारा सप्तकातल्या सुरांशी जुळतात, त्यामुळे वादकाने न छेडताही त्या हलकेच गुणगुणतात आणि सगळ्या वृंदाला एक उजेड येतो. डी फ्लॅटमध्ये चारही तारा परक्या, प्रत्येक सूर बोटाने दाबून काढायचा. म्हणजे बर्लिओझने पट्टी बदलली तेव्हा प्रत्यक्षात त्याने वाद्यांचे शरीर ध्यानात घेतले. याची किंमतही त्याने मोजली असे मला वाटते. पियानोवरच्या डी फ्लॅटला एक मखमल असते, कुजबुजीचा गुण असतो. बर्लिओझच्या वृंदात ती कुजबुज राहिली नाही. वेबरच्या खोलीत दोन माणसे होती, बर्लिओझच्या दालनात झुंबरे लागली. चाल तीच, सुरांचा क्रम तोच, तरीही या दोन रचना आहेत, आणि दुसरीचा अर्धा कर्ता बर्लिओझ आहे. छापताना दोघांचीही नावे छापली जातात, हे लक्षात ठेवावे.

यावर कुणी शोपँचे नाव घेईल, आणि ते रास्तच आहे. शोपँचे वॉल्ट्झ पियानोसाठी लिहिलेले, तिथे वाद्यांची वाटणी करणारा कुणी नाही, मग ते कमी आहेत का? मुळीच नाहीत. पण तिथेही डावा हात उघडून पाहावा. सी शार्प मायनरमधल्या वॉल्ट्झमध्ये खर्जातला ‘एक’ आणि मधल्या सप्तकातले ‘दोन-तीन’ यांच्यामध्ये डाव्या हाताला उडी मारावी लागते. त्या उडीला लागणारा जो क्षणभर वेळ, तोच त्या रचनेचा झोका. १९०७ मध्ये ग्लाझुनोव्हने फोकिनच्या बॅलेसाठी हाच वॉल्ट्झ वृंदासाठी लिहिला. तिथे उडी मारायची गरज उरली नाही. ‘एक’ एकाचा आणि ‘दोन-तीन’ दुसऱ्याचे. मला तो वृंद ऐकताना काहीतरी हरवल्यासारखे वाटते, ते हेच असावे. वाटणी केली की रचना समृद्धच होते असा माझा दावा नाही. ती बदलते, एवढाच आहे.

योहान श्ट्राउस धाकट्याचा ‘निळ्या डॅन्यूबकाठी’ हा वॉल्ट्झ ज्याने मुद्दाम कधी ऐकला नाही त्यानेही तो कुठेतरी ऐकलेला असतो. कुब्रिकने १९६८ मध्ये आपल्या अंतराळपटात तो वापरला त्यालाही आता अर्धशतक उलटून गेले. हा वॉल्ट्झ १५ फेब्रुवारी १८६७ रोजी व्हिएन्नात प्रथम सादर झाला तो पुरुषांच्या समूहगानाच्या स्वरूपात, योझेफ वायल याच्या विनोदी शब्दांसह. आदल्याच वर्षी ऑस्ट्रियाने प्रशियाकडून मार खाल्ला होता, आणि शहराची मनःस्थिती यथातथाच होती. त्याच साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात तो शब्दांविना, निव्वळ वृंदातून वाजला आणि मग जगभर गेला.

त्याची चाल आपल्या भाषेत मांडून पाहू. डी म्हणजे सा धरला तर: सा, सा ग प, प. मग वरून दोन-दोन सुरांचे उत्तर: प प, ग ग. एवढेच. कोणत्याही हार्मोनियम शिकणाऱ्या मुलीला पहिल्या आठवड्यात वाजवता येईल. सरगम म्हणून लिहिली तर ती जवळजवळ पलट्यासारखी दिसते. मग यात आहे काय? वर चढणारे वाक्य चेलो आणि हॉर्न बोलतात, खालच्या, उबदार आवाजात, हार्पच्या साथीने. उत्तराचे दोन-दोन सूर वरच्या सप्तकात, हलके, पाण्यावर खडा टाकल्यासारखे. वेबरच्या तरुण-तरुणीचे संभाषणच इथे आले आहे, फक्त आता ते नाच सुरू झाल्यावरही चालू आहे. हे वाक्य आणि उत्तर एकाच वाद्यावर वाजवले तर उरतो पलटाच.

तिसऱ्या वाक्यात श्ट्राउस आणखी एक गोष्ट करतो. मंद्र नी, मंद्र नी, रे, आणि तिथून उडी मारून ध, ध. खाली स्वरमेळ आहे पंचमाचा: प, नी, रे, म. त्यात धैवताला जागा नाही, तो पाहुणा आहे. शाळेतले नियम सांगतात की पाहुण्याने लवकर पंचमावर उतरावे. श्ट्राउसचा धैवत उतरत नाही. तो त्या परक्या घरात ऐटीत बसून राहतो. श्रोत्याच्या मनात जी गोड हुरहुर उठते ती याच सुराची. आता हा धैवत परका आहे हे ऐकणाऱ्याला कशामुळे कळते? खाली डबल बास पंचम धरतो आणि ‘दोन-तीन’ वाजवणारे बाकीचे सूर भरतात, म्हणून. त्यांना काढून टाका, आणि धैवत नुसता धैवत होतो. गोडवा चालीत आहे असे आपण म्हणतो, पण तो असतो चाल आणि तिच्याखालचे सूर यांच्या मधल्या अंतरात.

प्रस्तावनेबद्दलही दोन शब्द. हा वॉल्ट्झ वॉल्ट्झने सुरू होतच नाही. व्हायोलिनांची मंद थरथर, सहा मात्रांची संथ चाल, आणि त्या धुक्यातून हॉर्नवर चालीची चाहूल. ‘दोन-तीन’ अजून आलेले नाहीत. ते येतात तेव्हा पाय आपोआप हलतो, कारण इतका वेळ त्यांना रोखून धरलेले असते. आपल्याकडे आलापानंतर पहिला ठेका पडतो तेव्हा सभागृहातून जो सुस्कारा निघतो, त्याच जातीचे हे काम आहे.

चायकोव्स्कीकडे येताना मी त्याचे सगळे वॉल्ट्झ बाजूला ठेवून दोघांवरच थांबते. ‘नटक्रॅकर’मधला फुलांचा वॉल्ट्झ १८९२ चा. हार्पची लांब, एकटीची लहर संपल्यावर मुख्य चाल येते ती चार हॉर्नवर, आणि क्लॅरिनेट तिला उत्तर देतो. व्हिएन्नाच्या वृंदात हॉर्नवाल्यांच्या नशिबी बहुतेक वेळ ‘दोन-तीन’ भरणे आलेले. चायकोव्स्कीने त्या मजुरांना उठवून दिवाणखान्यात आणून बसवले. दुसरा वॉल्ट्झ पुढच्याच वर्षीचा, सहाव्या सिंफनीचा दुसरा भाग. त्याला वॉल्ट्झ म्हणावे की नाही हा प्रश्नच आहे, कारण त्याच्या मात्रा पाच आहेत. युरोपीय समीक्षक त्याला लंगडा वॉल्ट्झ म्हणत आले. चेलोंनी उचललेली ती चाल मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला त्यात लंगडेपणा काही जाणवला नाही. दोन आणि तीन, दोन आणि तीन: आपल्या कानाला हा झपतालाचा चालता-बोलता विभाग. ज्याला ते अपंगत्व म्हणतात ते आपल्याकडे रोजचे चालणे आहे. अर्थात झपताल ऐकून चायकोव्स्कीने हे लिहिले असे मी म्हणत नाही. फक्त एवढेच की कान कुठे वाढला त्यावर ‘लंगडे’ काय आणि ‘डौलदार’ काय हे ठरते.

रावेलचा ‘ला व्हाल्स’ मात्र सविस्तर पाहायला हवा. श्ट्राउसला मानवंदना म्हणून एक वॉल्ट्झ लिहावा असे त्याच्या मनात १९०६ पासून होते, आणि त्याचे नाव तो ‘व्हिएन्ना’ ठेवणार होता. मध्ये महायुद्ध झाले, रावेल स्वतः आघाडीवर ट्रक चालवून आला, त्याची आई गेली. १९२० मध्ये रचना पुरी झाली तोवर ज्या व्हिएन्नाला मानवंदना द्यायची ते साम्राज्यच नकाशावरून नाहीसे झाले होते.

रचना सुरू होते डबल बासांच्या खालच्या, दबक्या थरथरीने. ‘एक’ वाजवणारे हे लोक इथे ‘एक’ही धड वाजवत नाहीत, नुसते गुरगुरतात. मग बसूनवर चालीचे तुकडे, अर्धवट, धुक्यात दिसून पुसले जाणाऱ्या चेहऱ्यांसारखे. श्ट्राउसने प्रस्तावनेत ‘दोन-तीन’ रोखून धरले होते, रावेल तेच करतो, पण त्याच्याकडे रोखणे भीतिदायक होते. पुढे वॉल्ट्झ उलगडतो, झगमगतो, त्यातली एकेक चाल ऐकताना वाटते की ही आपण पूर्वी कुठेतरी ऐकली आहे. आणि हळूहळू ठेका वाटून घेणारे ते वीस-तीस जण एकमेकांचे ऐकेनासे होतात. पितळी वाद्ये आणि तालवाद्ये ‘दोन-तीन’ हिसकावून घेतात. अगदी शेवटी तीन मात्रांच्या जागी चार आघात बसतात आणि सगळे कोसळते. वॉल्ट्झचा शेवट तीनाचे चार करून करणे, याहून क्रूर आणि नेमकी गोष्ट मला या सगळ्या वाङ्‌मयात दुसरी दिसलेली नाही.

हे सारे बॅलेसाठी होते. दियागिलेव्हने १९२० मध्ये ते ऐकले ते पॅरिसमध्ये, दोन पियानोंवर. रचना थोर आहे पण हा बॅले नव्हे, असे म्हणून त्याने ती नाकारली आणि दोघांचे संबंध कायमचे तुटले. रंगमंचाचे त्याला माझ्यापेक्षा कळत होते, त्यामुळे त्याचा निर्णय चूक होता असे मी म्हणणार नाही. परंतु त्याने निर्णय दिला तो डबल बासांची ती गुरगुर न ऐकता. दोन पियानोंवर त्या आरंभाचे सूर वाजतात, धुके वाजत नाही. चाल ऐकून रचना ऐकली असे मानण्याची सवय आपल्या समीक्षकांचीच आहे असे नाही, एवढे समाधान.

आज घरबसल्या संगणकावर अख्खा वृंद मिळतो. ‘अभिजात शैलीतला’ नवा वॉल्ट्झ लिहिणारे तरुण आपल्याकडेही आहेत, आणि त्यांतले काही जण आपले काम मला ऐकवतात. चाली चांगल्या असतात, काही तर फारच चांगल्या. पण चाल पहिल्या व्हायोलिनांवर सुरू होते ती तिथेच संपते, आणि खाली ‘एक, दोन-तीन’चा एकच साचा चौसष्ट बार न थकता फिरत राहतो. मी त्यांना म्हणते, एकदा ‘दोन-तीन’ काढून घ्या. चार बार नुसती चाल राहू द्या, मग खालचे सूर परत आणा, पण वेगळ्या वाद्यावर. चाल लांब सुरावर थांबते तेव्हा चेलोला काही बोलू द्या. आणि प्रत्येक वादकाला श्वास घ्यायचा असतो, हे संगणकावर लिहितानाही विसरू नका. साचा मुद्दाम फिरवता येतो, हेही खरे. शोस्ताकोविचचा सॅक्सोफोनने सुरू होणारा तो प्रसिद्ध दुसरा वॉल्ट्झ घ्या, ज्याला बरीच वर्षे चुकून जॅझ सुइटमधला समजले जात होते. त्याचे ‘दोन-तीन’ जत्रेतल्या फिरत्या पाळण्यासारखे बिनमनाचे आहेत, आणि चालीतली उदासी त्या बिनमनाच्या फिरण्यामुळेच जाणवते. पण तो निवडलेला कंटाळा आहे.

याच विषयात एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. योसिफ इवानोविची हा रुमानियाच्या लष्करी बँडचा मास्तर. त्याचा ‘डॅन्यूबच्या लाटा’ हा वॉल्ट्झ १८८० मध्ये बुखारेस्टमध्ये छापला गेला. १८८६ मध्ये एमिल वाल्डटॉयफेल या पॅरिसच्या वॉल्ट्झकाराने तो वृंदासाठी नव्याने लिहिला, आणि १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात तो गाजला. बँडच्या मैदानी आवाजातून ही चाल व्हायोलिनांच्या आवाजात आली ती तिथे. पुढे १९४६ मध्ये अमेरिकेत तिच्यावर शब्द बसवून एक गाणे निघाले, आणि त्यावर नावे लागली ती दुसऱ्यांचीच. राज कपूरच्या ‘बरसात’ (१९४९) मध्ये नायक व्हायोलिनवर जी धून वाजवतो ती हीच. एका हातात व्हायोलिन, दुसऱ्या हातावर रेललेली नायिका हे आर. के. चे बोधचिन्ह त्याच चित्रपटातून आले. मराठी घरांतल्या दोन पिढ्यांनी इवानोविची ऐकला आहे, त्याचे नाव न ऐकता.

‘बरसात’नंतरच्या दोन दशकांत मुंबईच्या स्टुडिओंत व्हायोलिनांचे ताफे वाढत गेले. त्यांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. गावातल्या चर्चच्या शाळेत लहानपणीच सोल्फा आणि व्हायोलिन शिकलेले हे लोक कागदावरचे सूर पाहताक्षणी वाजवू शकत. ज्या मांडोच्या चालीवर ते वाढले ती तीन मात्रांच्या अंगाने जाणारी, व्हायोलिन आणि घुमटाच्या साथीची. ‘दोन-तीन’ त्यांना शिकवावे लागले नाहीत. संगीतकार हार्मोनियमवर चाल सांगे. ती वीस-तीस माणसांनी कशी वाजवायची हे अरेंजर लिहून काढी. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशनसाठी आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी हे काम केले. गायिकेचा सूर लांबतो तिथे व्हायोलिने खालून दुसरीच चाल गाऊ लागतात, ती त्यांची हातोटी. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये रागसंगीत आणि सिंफनी वृंद एकत्र आणणारा वाद्यवृंद उभा केला. त्यांचे नाव सगळ्या देशाला ठाऊक आहे ते १९७७ च्या एका गमतीदार गाण्यामुळे, जे त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूची आठवण म्हणून केले. गाणे गुणगुणणाऱ्या बहुतेकांना अशा नावाचा खरा माणूस होता याची कल्पना नसते.

मला नोटेशन शिकवणारे धोबीतलावचे वृद्ध सर याच ताफ्यांतले. मी श्ट्राउसची चाल वहीत सुबक उतरवून त्यांना दाखवली तेव्हा त्यांनी ती पाहिलीही नाही. “चाल कुणीपण लिहील, बाय,” ते म्हणाले, “दोन-तीन कोण वाजवणार ते लिही.” आणि थोड्या वेळाने, व्हायोलिनला राळ लावता लावता, “मी तीस वर्षं दोन-तीनच वाजवलं.” त्यात तक्रार नव्हती. पगाराच्या रकमेसारखे त्यांनी ते सांगितले.

मराठीत चित्रपटसंगीतावर पुस्तके पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच पुस्तकांची मी ऋणी आहे. पण चाल मूळ कुठली, संगीतकाराने ती उचलली की सुचली, या वादावर आपण जेवढी शाई खर्च केली त्याचा दहावा हिस्साही ती चाल कशी मांडली यावर केलेला नाही. ‘डॅन्यूबच्या लाटा’चे उदाहरण घेतले तर हा वाद किती तोकडा आहे ते दिसते. चाल इवानोविचीची, हे सिद्ध करून आपण मोकळे होतो. पण ती लष्करी बँडवर एक गोष्ट सांगते, वाल्डटॉयफेलच्या वृंदात दुसरी आणि ‘बरसात’च्या व्हायोलिनवर तिसरीच. या तीन गोष्टींपैकी आपल्याला भावलेली तिसरी, आणि ती नेमकी कोणत्या सुरांनी घडली हे लिहून ठेवायला हवे होते. चाल नसेल तर अरेंजर काय मांडणार, असे मला विचारले जाते. प्रश्न बरोबर आहे. डॅन्यूबच्या त्या पाच सुरांखाली काही नसेल तर चाल तरी काय करणार, हाही तितकाच बरोबर आहे.

त्या काळच्या तबकडीचे लेबल काढून पाहावे. मध्यभागी चित्रपटाचे नाव, मग गायक, मग गीतकार, मग संगीतकार. गोल कागदावर जागा थोडी, हे मान्य. पण सरांकडे जुन्या रेकॉर्डिंगांचे वाद्यभाग एका पत्र्याच्या पेटीत होते, पिवळे पडलेले, काही अरेंजरच्या हातचे. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात ‘व्हायोलिन दोन’ एवढेच लिहिलेले असे, आणि खाली ओळीमागून ओळी, प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेवर विरामाची खूण, आणि मग दोन सूर. ती पाने आता कुठे आहेत याचा मी शोध घेते आहे. ज्यांच्या घरी अशी पाने असतील त्यांनी ती रद्दीत घालू नयेत; गाण्याचे नाव वर नसले तरी खालच्या सुरांवरून ते बहुधा ओळखता येते, आणि मी त्यातली चार ओळखली आहेत.